पाठपोट जुळताना

लग्नपत्रिकेतल्या काळ्या नावाला एका बाजूने तांबूस कडा आली, तर पत्रिका हातात घेणाऱ्या बहुतेकांना ती दिसत नाही. अक्षर जरासं धूसर वाटतं, वाचताना डोळे बारीक होतात, आणि का ते न कळताच पत्रिका फडताळावर जाते. मला ती कडा आधी दिसते, नाव नंतर. सोलापुरात नव्या पेठेच्या मागच्या बाजूला आमचं डिजिटल छपाईचं दुकान आहे. एक चाररंगी प्रॉडक्शन मशीन, एक कटिंग मशीन, घडीची रेघ पाडणारं क्रिझिंगचं छोटं यंत्र आणि कागदाने भरलेली एक खोली. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांचा हंगाम सुरू होतो. मराठी, कन्नड, तेलुगू, कधी एकाच पत्रिकेत दोन भाषा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेची पत्रकं, १२ जानेवारीला चार हुतात्म्यांना अभिवादनाचे कार्यक्रम. उन्हाळ्यात क्लासवाल्यांच्या पुस्तिका, आणि वर्षभर चादरी-टॉवेलांच्या पाकिटात घालायची लेबलं. या सगळ्यांत रंग आणि कागद जागच्या जागी बसवणं हाच माझा खरा उद्योग. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण मशीनची जाडजूड पुस्तिका इंग्रजीत आहे आणि मशीनपाशी उभी राहणारी मुलं आपापसात तेलुगू किंवा कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी.

छपाई सरकली की सगळे एकच म्हणतात, "रजिस्टर आउट आहे." मग कुणीतरी पडद्यावरच्या सेटिंगमध्ये शिरतो, आकडे वरखाली करतो, एक शीट काढतो, बघतो, पुन्हा आकडे बदलतो. दुपारपर्यंत मूळ आकडा काय होता हेही कुणाला आठवत नाही. नव्या मुलाची ही सवय मोडायला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. मशीनला हात लावायच्या आधी शीट घेऊन बसायचं. भिंग घ्यायचं, पोलादी पट्टी घ्यायची, खिडकीपाशी जायचं आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. रंगावर रंग बसलेत का? सगळं चित्र मिळून कागदावर जागेवर आहे का? आणि पाठ पोटावर बसली आहे का, म्हणजे मागची बाजू पुढच्या बाजूच्या नेमकी पाठीशी आली आहे का? हे तीन बिघाड मशीनमध्ये तीन वेगळ्या ठिकाणी जन्मतात. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की बिघाड दोन होतात.

आमच्या टोनरच्या मशीनच्या पोटात चार ड्रम एका ओळीत आहेत: पिवळा, मॅजेंटा, सायन आणि काळा. प्रत्येक ड्रम आपला रंग एका फिरत्या पट्ट्यावर, ट्रान्स्फर बेल्टवर, उतरवतो. चारही रंग बेल्टवर एकमेकांवर चढले की ते पूर्ण चित्र एकदमच कागदावर उतरतं, आणि पुढे फ्यूजरच्या गरम रोलरांतून जाताना टोनर वितळून कागदाला चिकटतो. हा क्रम डोक्यात पक्का बसला की शोध निम्म्यावर येतो. रंग एकमेकांवर बसतात तेव्हा कागद तिथे पोचलेलाही नसतो! त्यामुळे नावाला तांबूस कडा आली असेल, तर ट्रेमधला कागद बदलून किंवा त्याला दोन्ही बाजूंनी धरणारे गाइड घट्ट करून काही होणार नाही. तो दोष ड्रम आणि बेल्टच्या बाजूला शोधायचा. उलट चौकट तिरकी आली आहे, पण भिंगाखाली चारही रंग एकमेकांवर नेमके आहेत, तर ड्रमकडे बघायचं कारण नाही. दोष कागदाच्या वाटेवर आहे.

ऑफसेटचं, म्हणजे प्लेटवरून शाईने छापणाऱ्या मशीनचं, गणित वेगळं. तिथे कागद स्वतः चार युनिटांतून जातो, प्रत्येक ठिकाणी थोडं पाणी पितो, दाबला जातो आणि पहिल्या युनिटपासून चौथ्यापर्यंत किंचित पसरत जातो. म्हणून ऑफसेटवर रंग सुटला की कागदावर संशय घेणं रास्तच. आमच्याकडे ऑफसेटवरून आलेले एक वयस्क मशीनमन होते. डिजिटलवर रंग सुटला तरी ते आधी रिम बदलायचे. त्यांची नजर इतकी तयार होती की भिंग न लावता "सायन वर गेलाय" म्हणायचे, आणि भिंग लावून बघावं तर खरोखर सायनच वर गेलेला असायचा. रोग ओळखण्यात ते कधी चुकले नाहीत. त्यांना ठिकाण तेवढं नव्याने समजून घ्यावं लागलं.

रंगजुळणीचं बरंचसं काम मशीन स्वतःच करतं. मधूनमधून थांबून ते बेल्टवर बारीक रेघा काढतं, सेन्सर त्या वाचतो, कोणता रंग किती सरकला ते मोजतो आणि तेवढी भरपाई होते. ही सोय असूनही रंग सुटत राहिला तर मी आधी सेन्सर पुसायला सांगतो. त्याच्या काचेवर टोनरची भुकटी बसलेली असली तर तो चुकीचं वाचतो आणि मशीन त्या चुकीची इमानाने भरपाई करत बसतं. साखर पेठेपलीकडे, पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी छपाईचं दुकान असलेल्या माझ्या मित्राला हा त्रास जास्त. मागांवरून उडणारा कापसाचा बारीक तूस दाराच्या फटीतून आत येतो आणि जिथे थोडं तेल, थोडी भुकटी असेल तिथे जाऊन चिकटतो. त्याच्याकडे सफाईचं वेळापत्रक आमच्यापेक्षा कडक आहे, आणि तसंच असायला हवं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मशीन तापत जातं तसे आतले भाग अगदी सूक्ष्म प्रमाणात प्रसरण पावतात आणि रंग हलतात. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. एसी असला तरी सकाळी कुलूप काढतानाची खोली आणि दुपारी तीनची खोली एक नसते. म्हणून सकाळी मशीन सुरू झाल्याबरोबर मी पत्रिका लावत नाही. आधी क्लासच्या साध्या काळ्या नोट्स चालवायच्या, मशीन नीट तापलं की रंगजुळणी करून घ्यायची, मग नाजूक काम.

आणि एक खूण तर मला फार आवडते, कारण ती मोजता येते. रंग सगळीकडे सुटलेला नसून शीटवर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर ते अंतर पट्टीने मोजायचं. गोल फिरणाऱ्या कुठल्या तरी भागाचा तो घेर असतो. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो, आणि तेवढ्या व्यासाचे रोलर किंवा ड्रम मशीनमध्ये मोजकेच असतात. जाड कार्डावर आणखी एक प्रकार दिसतो. ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) आर्ट कार्ड बेल्टजवळच्या दाबरोलरात शिरताना किंवा त्यातून सुटताना बेल्टला हिसका बसतो, आणि त्या क्षणी बेल्टवर जो रंग चढत असेल तो तेवढ्यापुरता हलतो. शीटवर एकाच जागी आडवा पट्टा येतो, बाकी सगळं स्वच्छ. तेच काम पातळ कागदावर काढलं की पट्टा गायब. अशा वेळी मशीनला कागदाची जाडी खरी सांगितली आहे की नाही ते आधी बघायचं. ट्रेमध्ये ३०० आणि पडद्यावर २०० लिहिलेलं असणं ही आमच्या धंद्यातली रोजची बाब आहे.

आता चित्र आणि कागद. कागद एका जागी नेमका ठेवायचा तर त्याला तीन ठिकाणी टेकवावं लागतं, दोन ठिकाणी एका कडेला आणि एका ठिकाणी शेजारच्या कडेला. जपानमध्ये अठराव्या शतकात बहुरंगी लाकडी ठशांची छपाई भरात आली, १७६५ च्या सुमारास, तेव्हा प्रत्येक ठशावर दोन खाचा कोरलेल्या असत. एक कोपऱ्यात काटकोनी, दुसरी त्याच लांब कडेवर सरळ. कारागीर कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत टेकवायचा, कड दुसरीत, आणि रंगामागून रंग त्याच जागी पडायचा. ऑफसेटचे दोन फ्रंट ले आणि एक साइड ले, म्हणजे पुढच्या कडेचे दोन अडसर आणि बाजूच्या कडेचा एक, ही तीच तीन टेकणी. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला, तिथेही प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड होता आणि कागद प्रत्येक दगडावर पुन्हा त्याच जागी ठेवावा लागायचा. त्या काळच्या देवांच्या तसबिरी भिंग लावून बघा. ओठांच्या कडेला, साडीच्या काठाला कुठेतरी रंग सुटलेला सापडतो, आणि मग बाकीचं सगळं इतकं नेमकं कसं बसलं असेल या विचाराने मन भरून येतं.

डिजिटल मशीनमध्ये हे टेकवणं चालता चालता होतं. ट्रेमधून निघालेला कागद पुढे थांबलेल्या रजिस्ट्रेशन रोलरांवर जाऊन आदळतो, मधे थोडा फुगतो, त्या फुगण्याने त्याची पुढची कड रोलरांना समांतर होते, आणि बेल्टवरचं चित्र योग्य अंतरावर आलं की रोलर फिरून कागदाला आत ओढतात. इथे काय बिघडतं? ट्रेचे गाइड सैल असले तर कागद तिरका निघतो. फार घट्ट असले तर मधे फुगून निघतो आणि तेही तिरकंच. उचलणारे रबरी रोलर एका बाजूने गुळगुळीत झाले तर ती बाजू मागे राहते. आणि हे सगळं ठीक असूनही चौकट तिरकी येत असेल तर कागद काटकोनात कापलेला आहे का ते बघायचं. त्याला यंत्र लागत नाही. दोन शीट घ्या, एक उलटी करा, दोन्हींची लांब कड जुळवा. आखूड कडा जुळल्या नाहीत तर कटिंग गुण्यात नाही, आणि दिसणारा फरक मूळ चुकीच्या दुप्पट असतो, त्यामुळे डोळ्याला लगेच कळतो.

देवनागरीत छापणाऱ्याला तिरकेपणा लपवायला जागा नाही, हे मला आमचं भाग्यच वाटतं. शिरोरेषा पानभर आडवी जाते. कापलेल्या कडेजवळ मोठ्या अक्षरात नाव असलं की अर्ध्या मिलिमीटरचा कलही बोलू लागतो. तेलुगू पत्रिकेत अक्षरं गोलाकार, तिथे तोच कल खपून जातो. पण तिथली अडचण निराळी. बारीक गोलांच्या आतली जागा रंग सुटला की भरून येते, आणि रंगीत पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर सोडलं असेल तर फारच. म्हणून डिझाइन करणाऱ्या मुलींना मी दोनच गोष्टी सांगतो. बारीक मजकुराचा काळा फक्त काळ्या टोनरचा ठेवा, चार रंग मिसळून केलेला नको. आणि बारीक अक्षर रंगातून पांढरं सोडायचंच असेल तर खालचा रंग एकाच किंवा दोनच शाईंचा घ्या. रंग एकटा असला तर सुटून सुटून कुणापासून सुटणार?

पाठपोटाकडे मात्र सावकाश जायला हवं, कारण तिथे मशीनपेक्षा कागद जास्त बोलतो, आणि सोलापूरची हवा त्याला बोलायला लावते.

एक बाजू छापून कागद फ्यूजरमधून जातो तेव्हा तापतो आणि त्यातला ओलावा उडतो. ओलावा गेला की कागद आकसतो. मग तो आत वळून दुसऱ्या बाजूसाठी परत येतो, आणि या आकसलेल्या कागदावर मशीन चित्र पूर्ण मापाचंच छापतं. पहिली बाजू कागदाबरोबर आकसलेली, दुसरी मूळ मापाची. मध्यभागी जुळवलंत तर कोपऱ्यात सुटतं, एक कोपरा जुळवलात तर समोरचा. बारा-अठरा इंची शीटची लांबी ४५७ मिलिमीटर. ती हजारात एक भाग आकसली तरी जवळपास अर्धा मिलिमीटर गेला. इथे चित्र वरखाली सरकवून काही साधत नाही, दुसऱ्या बाजूचं माप किंचित कमी करावं लागतं. बहुतेक प्रॉडक्शन मशीनमध्ये कागदाच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्या कागदासाठी साठवलेल्या सेटिंगमध्ये, लांबी आणि रुंदी वेगवेगळी कमी-जास्त करता येते. ती सोय याचसाठी आहे.

वेगवेगळी का, तर कागद दोन्ही दिशांना सारखा आकसत नाही. कागद तयार होताना तंतू जास्त करून एका दिशेने लोळतात, तो त्याचा ग्रेन. ओलावा घेताना-सोडताना तंतू लांबीपेक्षा जाडीत कितीतरी जास्त बदलतो, म्हणून शीट ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त फुगते आणि जास्त आकसते. शिवाय आमच्या मशीनमध्ये दुसऱ्या बाजूला कागद उलटा फिरून येतो, पहिल्या फेरीत मागे असलेली कड दुसऱ्या फेरीत पुढे असते. म्हणजे शीटांची लांबी कटिंगमध्ये कमी-जास्त झाली असेल तर तो फरक थेट पाठपोटात उतरतो. ऑफसेटवाले म्हणूनच शक्य तिथे ग्रिपरची, म्हणजे मशीन चिमट्यात धरतं ती, कड तीच ठेवून शीट बाजूने पलटतात.

एका उन्हाळ्यात पाठपोट रोज वेगळं येत होतं. सकाळी जुळवलं की संध्याकाळी सुटायचं. तेव्हा नातीच्या पत्रिकेसाठी आलेल्या एका अण्णांनी, उभं आयुष्य मागावर घालवलेले पद्मशाली गृहस्थ ते, गठ्ठ्यावरची शीट उचलली, तिच्या ताणलेल्या कडांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "खोलीत पाणी ठेवता का हो?" मागाच्या शेडमध्ये हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून तिथे ओलावा धरून ठेवतात. सुती विणकामाला सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता लागते, हे त्यांना अंगाने माहीत होतं. कापूस आणि कागद दोन्ही सेल्युलोजचेच, दोघांचीही हवेशी देवाणघेवाण सतत चालू असते. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. अण्णांच्या बोटांनी ते आमच्याच गठ्ठ्यावर दाखवून दिलं.

त्यानंतर कागदाच्या खोलीत आर्द्रतामापक लागला. कागदाला माग-शेडइतका ओलावा चालत नाही, त्याला पन्नास टक्क्यांच्या आगेमागे बरं वाटतं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे हवा त्याच्या कितीतरी खाली जाते. उघड्या गठ्ठ्याच्या कडा आधी सुकतात, आखडतात आणि मधलं पोट ढिलं पडतं. पावसाळ्यात उलट, कडा ओल पिऊन लाटांसारख्या होतात. खोलीत कूलर लावला आणि त्याची झोत एका बाजूने गठ्ठ्यावर येत असली तर एकाच गठ्ठ्याची एक कड लाट आणि दुसरी ताठ, हेही पाहिलंय. टेम्पोतून उन्हात तापून आलेला रिम थंड खोलीत आणल्या आणल्या फोडला तरी कडा सुकतात. म्हणून माल आला की वेष्टनासकट मशीनच्या खोलीत ठेवायचा, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा आणि लागेल तेवढाच फोडायचा. दुपारी जेवायला जाताना उरलेला कागद पुन्हा गुंडाळायचा. पोरांना हे नुसतं टापटिपीचं काम वाटतं. मी दर वेळी कारण सांगतो, कारण कळलं की हात आपोआप वेष्टनाकडे जातो.

आता ज्या कामाने मला सगळ्यात जास्त शिकवलं त्याबद्दल. जाड कार्डाची घडीची पत्रिका होती, आत आणि बाहेर एकाच जागी पैठणीच्या काठाची चौकट. पाठपोट किंचितही हललं तर कापल्यावर एका बाजूचा काठ जाड आणि दुसऱ्या बाजूचा बारीक दिसणार. कागद बाहेरून कापून आलेला. चाचणीच्या पहिल्या शीटवर फरक लांबीत होता, तो भरला. पुढच्या शीटवर फरक रुंदीत. पुन्हा पुढची, पुन्हा लांबीत. मशीनवरच्या मुलाचं म्हणणं, "दादा, मशीन वेडं झालंय, इंजिनिअरला बोलवा."

मी सेटिंग मूळ जागी नेऊन थांबवलं आणि शीटांवर पेन्सिलीने क्रमांक आणि पुढच्या कडेला बाण काढून एक गड्डी छापायला सांगितली. मग टाचणी घेतली. जुळणी तपासायला दोन्ही बाजूंना छापलेल्या, चारही कोपऱ्यांतल्या फुलीच्या मधोमध टाचणी टोचायची, शीट उलटायची आणि मागच्या फुलीपासून भोक किती लांब आलं ते भिंगाखाली मोजायचं. प्रत्येक शीटचे आकडे कागदावर ओळीने मांडत गेलो, आणि मांडता मांडता दिसलं की ते विखुरलेले नाहीतच. त्यांचे स्वच्छ दोन गट होते. एका गटात सगळा फरक लांबीत, दुसऱ्या गटात सगळा रुंदीत. दोन्ही गटांच्या आत शीट एकमेकींशी अगदी प्रामाणिक. मशीन वेडं झालं असतं तर आकड्यांना अशी शिस्त आलीच नसती.

कटिंगचे मामा इतका वेळ लांबून बघत होते. ते आले, त्या मुलाला म्हणाले, "काय करायलाव बे, वाकवून बघ की." दोन गटांतली एकेक शीट त्यांनी दोन्ही हातांत धरून वाकवली. एक लांबीच्या अक्षाभोवती सहज वळली, दुसरीने त्याच दिशेला विरोध केला. ग्रेन वेगळा! मोठ्या शीटमधून जास्तीत जास्त तुकडे निघावेत म्हणून कुणीतरी काही आडवे, काही उभे कापले होते आणि सगळे एकाच गठ्ठ्यात ठेवले होते. मापाने सगळे तुकडे सारखे, जाडीने सारखे, रंगाने सारखे. मामांनी मग घडी घालून दाखवली. ग्रेनच्या दिशेची घडी गुळगुळीत, आडव्या ग्रेनची घडी टोनर तडकून पांढरी.

संध्याकाळभर आम्ही तिघांनी वाकवून वाकवून गठ्ठा वेगळा केला. घडीच्या रेषेला समांतर ग्रेन असलेल्या शीटांवर पत्रिका छापली, त्यांचं वेगळं प्रोफाइल करून. उरलेल्या शीटा त्याच घरच्या स्वागतसमारंभाच्या एकेरी कार्डांना वापरल्या, तिथे घडीच नव्हती. कागद वाया गेला नाही आणि काठ दोन्ही बाजूंना सारखा आला. मुलीचे वडील पत्रिका न्यायला आले तेव्हा त्यांनी काठाबद्दल एक अक्षरही काढलं नाही. नावं तपासली, मुहूर्त तपासला आणि पिशवी उचलली. मला फार समाधान वाटलं.

त्या दिवसापासून दुकानात एक नियम आहे, आणि तो पाळण्याबाबत मी हट्टी आहे. सेटिंगमध्ये भरायचा तो फक्त सगळ्या शीटांवर सारखा येणारा फरक. प्रत्येक शीटवर वेगळा येणारा फरक आकड्याने कधीच भरत नाही, त्याचा उगम कागदात, ट्रेमध्ये किंवा रोलरात असतो, आणि तो सापडेपर्यंत सरासरी काढायची नाही. हळूहळू वाढत जाणारा फरक तिसरा. तो उष्णतेचा किंवा ओलाव्याचा, त्याला थांबून वेळ द्यायचा. नव्या मुलांना मी एका शीटवरून निर्णय घेऊ देत नाही. एका शीटवरून फरक आहे एवढं कळतं, तो कोणत्या जातीचा आहे ते कळत नाही.

वहीत प्रत्येक कागदाची नोंद असते: जाडी, ग्रेन, खोलीतली आर्द्रता, दुसऱ्या बाजूचं माप किती कमी केलं, आणि महिना. महिना न लिहिलेली नोंद आमच्याकडे निरुपयोगी, कारण मेमधला आकडा ऑगस्टमध्ये लावला तर कोपरे पुन्हा सुटतात.

आणि जे आपल्या हाताबाहेरचं आहे ते वेळेवर ओळखायचं. झिजलेला बेल्ट, एका बाजूने संपलेले रोलर यांच्यावर आकड्यांची मलमपट्टी करत राहिलं तर चांगली सेटिंगही बिघडतात. सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून येतो. त्याला नुसतं "रजिस्टर आउट आहे" असं कळवलं तर पहिली फेरी बघण्यात जाते, दुसरी सुटा भाग आणण्यात, आणि तोपर्यंत कुणाचा तरी मुहूर्त जवळ आलेला असतो. आता आम्ही क्रमांक घातलेल्या शीटांचे फोटो पाठवतो, रंग सुटला की चित्र सरकलं ते सांगतो, पुन्हा पुन्हा येणारं अंतर असेल तर मिलिमीटरमध्ये लिहितो, आणि कोणत्या कागदावर येतं, कोणत्या कागदावर येत नाही तेही. बहुतेक वेळा तो निघतानाच योग्य रोलर बॅगेत घालून निघतो.